तिकडे सुईण शोधावी लागते

तुझा लांबलचक निरोप काल रात्री वाचला. वहिनींना चौथा महिना सरत आलाय, जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या कंपनीचं पत्र हातात आहे, दीड महिन्यात रुजू व्हायचंय आणि घरात दोन पक्ष पडलेत. तुझी आई म्हणते पहिलं बाळंतपण माहेरीच, वहिनी म्हणतात जायचं तर दोघांनी. आणि तू मला विचारतोस, तुम्ही हे सगळं तिथं केलंत, मग आम्ही काय करू?

आम्ही केलं २०२३ साली. मुलगी नोव्हेंबरात झाली. हे लिहिताना बायको शेजारी बसली आहे आणि मध्येच "हे खोटं आहे" म्हणते आहे. तिथे तिथे मी दुरुस्ती केली आहे.

आधी उत्तर सांगतो. जायचं तर दोघांनी आत्ताच जा, सातवा लागायच्या आत. नाहीतर वहिनींनी बाळंतपण पुण्यात उरकावं आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की त्याचा पासपोर्ट, व्हिसा करून यावं. तू पुढे जाऊन घर लावणार आणि वहिनी आठव्या महिन्यात मागून येणार, हा जो मधला मार्ग तुझ्या सासऱ्यांनी सुचवलाय, तो मात्र नको. अठ्ठावीस आठवड्यांनंतर बऱ्याच विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात, हे झालं एक. त्याहून मोठी अडचण अशी की आठव्या महिन्यात तिथं उतरलेल्या बाईला सुईण मिळत नाही.

हो, सुईण. आईला मी फोनवर हे सांगितलं तेव्हा ती हसायलाच लागली. "आम्ही सुईण सोडून दवाखान्यात गेलो, आणि तुम्ही जर्मनीत जाऊन सुईण शोधताय!" पण तिकडची हेबामं म्हणजे शिकलेली, परवाना असलेली बाई. कायदाच असा आहे की बाळंतपणाला डॉक्टर नसला तरी चालेल, सुईण हवीच. दवाखान्यातली सुईण वेगळी, त्या वेळी जी कामावर असेल ती मिळते. आपण शोधायची ती घरी येणारी. बाळ झाल्यावर पहिले दहा दिवस ती रोज येऊ शकते, पुढे बारा आठवड्यांपर्यंत गरजेप्रमाणे. टाके बघते, बाळाचं वजन करते, दूध येत नसेल तर तासभर बसून शिकवते. सगळा खर्च विम्यातून. फक्त त्या कमी आहेत आणि बायका दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच त्यांना धरून ठेवतात. मी एक तक्ता करून सदतीस जणींना लिहिलं होतं. एकोणीस जणींनी उत्तरच दिलं नाही, बाकीच्यांनी नाही म्हटलं, आणि शेवटी जी मिळाली ती आमच्या इमारतीतल्या आजीबाईंच्या ओळखीने. तेव्हा घराचा पत्ता ठरला की त्याच दिवशी शोध सुरू कर. पत्ता लागतोच, कारण त्या आपल्या भागाबाहेर जात नाहीत.

विम्याचं एकच सांगतो, पण ते नीट ऐक. तुझा पगार बरा असेल तर खाजगी विम्याचा एजंट तुला गाठेल आणि महिन्याला किती वाचतील ते दाखवेल. घेऊ नकोस. सरकारी पद्धतीच्या विम्यात तुझ्या हप्त्यातच वहिनींचं नाव फुकट लागतं आणि तपासण्या, सोनोग्राफी, बाळंतपण, सुईण सगळं त्यात येतं. खाजगीत त्यांची वेगळी पॉलिसी काढावी लागेल, आणि दिवस गेलेल्या बाईला ते सरळ नाही म्हणू शकतात. व्हिसासाठी काढलेला प्रवास विमा या कामाचा नाही.

पैशांबद्दल तुला कुणीतरी फार गुलाबी चित्र दाखवलेलं दिसतंय. एल्टर्नगेल्ड म्हणजे पालकांना मिळणारा भत्ता, तो कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त १८०० युरो महिन्याला, हे बरोबर. पण तो बाळ होण्याआधीच्या वर्षभराच्या कमाईवर ठरतो आणि पुण्यातला पगार त्यात धरत नाहीत. म्हणजे वहिनींना ३०० वालाच मिळेल. तुझेही तिथले तीन-चार पगार बारा महिन्यांत वाटले जातील. शिवाय तू सहा महिने प्रोबेशनवर असशील. पालकत्वाची रजा हा तिथं बापाचाही हक्क आहे, पण सात आठवडे आधी लेखी मागावी लागते. रुजू झाल्यावर महिनाभरात साहेबाला सांगून टाक. मी लाजेपोटी सांगायचं लांबवलं, आणि नंतर त्यानेच विचारलं की बायको एवढी गरोदर असताना हा मंगळवारी रात्री आठपर्यंत ऑफिसात काय करतो.

आता जे तू विचारलं नाहीस ते.

अकराव्या आठवड्यात एका रात्री हिला रक्तस्राव सुरू झाला. टॅक्सी करून दवाखान्यात गेलो. दोन तास बाकावर बसलो, मग एका तरुण डॉक्टरणीने सोनोग्राफी केली, ठोके दाखवले आणि म्हणाली, थांबून बघू. इंजेक्शन नाही, गोळी नाही, "पाय वर करून झोपा" नाही. माझ्या मेव्हणीला कोल्हापुरात असंच झालं तेव्हा तिला तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं होतं. मी रात्री दीड वाजता, म्हणजे पुण्यात पहाटे पाचला, आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना उठवलं. त्यांनी औषधाचं नाव सांगितलं. सकाळी मी ते नाव घेऊन तिथल्या डॉक्टरांकडे, त्या म्हणतात गरज नाही. चार दिवस हे असं चाललं. पाचव्या दिवशी बायको म्हणाली, "तुझे दोन डॉक्टर पुरे झाले, मला एक नवरा दे." त्यानंतर मी पुण्याला फोन केला नाही. कोण बरोबर होतं ते मी ठरवणार नाही, पण दोन्हीकडे विचारत राहिलास तर घरात झोप कुणालाच लागत नाही.

सोनोग्राफी तिकडे मोजून तीनदा: नऊ ते बारा, एकोणीस ते बावीस आणि एकोणतीस ते बत्तीस आठवड्यांत. बाकी डॉक्टर हाताने बघतात, लघवी, रक्त, वजन. सगळं एका छोट्या वहीत लिहितात. मुटरपास म्हणतात तिला, आणि ती पर्समध्ये कायम हवी. महिने तिथं कुणी मोजत नाही. "पाचवा चालू आहे" म्हटलं की समोरची गोंधळते. "एकवीस आठवडे अधिक तीन दिवस" असं सांगायचं.

दुसऱ्या सोनोग्राफीला डॉक्टरणीने सहज विचारलं, मुलगा की मुलगी, सांगू का? आम्ही दोघंही भिंतीकडे बघायला लागलो. भारतात ज्या जागी "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ही पाटी असते, तिथं तिने डोंगराचं चित्र लावलं होतं. ही पटकन "नाही" म्हणाली, सवयीने. घरी आल्यावर म्हणाली, मला कळायला हवं होतं. पुढच्या वेळी विचारलं. मुलगी आहे म्हणाली. हिने माझा हात इतका जोरात दाबला की अंगठी रुतली. घरी मात्र आम्ही सांगितलं की इथंही सांगत नाहीत. माझ्या मोठ्या आत्याचा उसासा आम्हाला ऐकायचा नव्हता. चार महिने ते खोटं रेटलं. अजून आईला माहीत नाही, आता हे कुणी तिला दाखवू नये म्हणजे झालं.

साखरेची तपासणी चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत होते. आपल्याकडच्या बायकांना गरोदरपणात साखर वाढण्याचा धोका जास्तच, हिलाही निघाली. दिवसातून चार वेळा बोट टोचायचं. आहाराचा जो कागद मिळाला त्यावर काळा ब्रेड, क्वार्क म्हणजे चक्क्यासारखं ताजं चीज, अमुक इतके ग्रॅम बटाटे, आणि पोळी-भाकरीचं नावच नाही. मग आम्हीच प्रयोग केले. ज्वारीची भाकरी आणि पिठलं, आकडा बरा. भात कमी, आमटी-उसळ जास्त, बरा. श्रावणी सोमवारची साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि तासाभराने यंत्राने जो आकडा दाखवला तो बघून हिने यंत्रालाच शिवी दिली. ते सगळं वहीत लिहून नेलं तर तिथल्या बाईंनी भाकरीचं पीठ कुठलं, ते कुठं मिळतं, हे विचारून घेतलं. इन्सुलिन टळलं. घरून एक चांगली लोखंडी तवी ने, पीठ तिथल्या भारतीय दुकानात मिळतं.

पण खरी उणीव जाणवते ती माणसांची. इथं असती तर सातव्या महिन्यात हिच्या पंधरा मावश्या-आत्यांनी ओटी भरली असती. तिथं आम्ही डोहाळजेवण केलं तर पाच बायका, दोन पुरुष आणि गजरा नाही म्हणून फुलवाल्याकडून आणलेली पांढरी शेवंती. मी पुरणपोळी केली होती. ती पोळी नव्हती, असं शेजारून आत्ताच सांगण्यात आलं. नोव्हेंबरात पाचलाच अंधार पडतो, मी सातला घरी येणार, आणि ही दिवसभर पोटाशी बोलत बसलेली. तिने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं की दुपारी ती उगाच स्टाटबानमध्ये, म्हणजे तिथल्या ट्राममध्ये, बसून टोकापर्यंत जाऊन परत यायची, कारण गाडीत माणसं असतात. हे वाचून घाबरू नकोस, पण वहिनींना पहिल्या आठवड्यापासून जर्मनच्या वर्गात घाल. भाषेसाठी कमी, बाहेर पडण्यासाठी जास्त.

कळा सुरू झाल्या की लगेच ठेवून घेत नाहीत. आधी दवाखान्यात फोन करायचा, आणि फोन बाईनेच करायचा. ती बोलता बोलता थांबते का यावरून तिथल्या सुईणी कळांचा जोर ओळखतात. तारीख उलटून दहा दिवस झाले तेव्हा आमच्या कळा सुरू करवल्या. नवऱ्याला आत राहता येतं. राहता येतं म्हणजे राहावंच लागतं, कोपऱ्यात उभं राहून फोन बघितलास तर सुईण हाकलते. तीन शब्द पाठ कर: आटमेन म्हणजे श्वास घ्या, हेशेल्न म्हणजे लहान लहान धापा टाका, प्रेसेन म्हणजे जोर लावा. ही प्रत्येक कळेला "आई गं" म्हणत होती. तासाभराने ती सुईणही हिच्याबरोबर "आइगं, आइगं" म्हणायला लागली. तिला वाटलं, आपल्याकडची श्वास घ्यायची पद्धत आहे.

आईला कधी बोलवायचं, हा सगळ्यात अवघड हिशोब. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपात थोड्या दिवसांसाठी जायच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. आम्ही माझ्या आईला तारखेच्या वीस दिवस आधी आणलं, वर दहा दिवस उशीर, म्हणजे महिना वाट बघण्यात गेला. तू तारखेच्या दिवसाचं तिकीट काढ. तीन महिन्यांनी ती गेली की सासूबाई. दोघींना एकदम बोलावू नकोस, का ते विचारू नकोस.

तुपाचे डिंकाचे लाडू नेऊ नका, दूध-तुपाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे. नुसता डिंक, खारीक, बाळंतशेपा न्या. बिनमिठाचं लोणी तिथं उत्तम मिळतं, घरी कढवा. अळीव तर तिथं दुकानात असतं! क्रेसे म्हणतात, कापसावर पेरून कोवळी पानं ब्रेडवर घालून खातात. खायला घ्यायचं ते मोड आणण्यासाठीचं बी, बागेतलं औषध लावलेलं नको. आईने बाळाला धुरी दिली आणि धुराच्या अलार्मने सगळी इमारत जिन्यात आली, तेव्हा ते विसरा. शेगडीऐवजी सुईणीने चेरीच्या बियांची उशी दिली, ओव्हनमध्ये गरम करून शेकायची. ती आईने परत येताना पुण्याला नेली. आठवड्यातून दोनदाच अंघोळ घाला, हे मात्र तिने काही ऐकलं नाही. सुईण यायच्या दिवशी पारोसं दाखवायची.

शेवटी कागद, आणि हे आजच बघ. बाळाच्या जन्मदाखल्यासाठी तिथली नोंदणी कचेरी तुमचा विवाहाचा दाखला आणि दोघांचे जन्मदाखले मागते, शपथबद्ध अनुवादकाच्या भाषांतरासकट. हिच्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी होती, पासपोर्टवर माहेरचं नाव, विवाहाच्या दाखल्यावर सासरचं. शिवाय मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, हे त्यांना समजावता समजावता सात आठवडे गेले. तो दाखला हातात येईपर्यंत भत्ता नाही आणि मुलीचा पासपोर्टही नाही. मूल तिथं जन्मलं म्हणून जर्मन होत नाही. वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करायची, स्टुटगार्टला म्युनिकची कचेरी लागते. सहा महिन्यांच्या आत त्याच्या राहण्याच्या परवान्याचा अर्ज. एजंट अ‍ॅपॉस्टिलचे, म्हणजे कागद परदेशात खरा धरावा म्हणून मारायच्या शिक्क्याचे, पैसे मागेल. जर्मनी भारताचा अ‍ॅपॉस्टिल मानत नाही, तेव्हा काय हवं ते त्या कचेरीलाच ईमेल करून विचार आणि मग पैसे दे.

वहिनींचा जन्म कुठल्या नगरपालिकेत नोंदलाय? दाखल्याचा फोटो पाठव, नाव चढवायचं असेल तर दीड महिन्यात होऊन जाईल. आणि आमच्या सुईणीला मी कालच विचारून ठेवलंय. वहिनींची तारीख आठवड्यात कळव.