सुरी लागली की कॅन्सर पसरतो का?

नाकाच्या कडेला मोत्यासारखी चकाकणारी पुटकुळी. खपली धरायची, निघायची, थोडं रक्त यायचं, पुन्हा खपली. असे कित्येक महिने गेले. त्वचारोगतज्ज्ञांना बेसल सेल कार्सिनोमाचा, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरचा, संशय होता. त्यांनी बायोप्सी सांगितली. काका मात्र तारीख पुढे ढकलत राहिले, म्हणून मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, सुरी लागली की हा रोग उठतो. आमच्या ओळखीतला एक जण ऑपरेशननंतर चार महिन्यांत गेला."

"त्यांना कुठला कॅन्सर होता?"

ते काकांना माहीत नव्हतं. बऱ्याचदा असंच असतं. आजार आधीच हाताबाहेर गेलेला असतो आणि दोष सुरीच्या माथी येतो. त्वचेच्या बायोप्सीत तेवढीच जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात. त्याने हा कॅन्सर पसरत नाही.

बेसल सेल हा त्वचेच्या कॅन्सरमधला सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. वाढतो सावकाश, दुसऱ्या अवयवांत क्वचितच जातो. पण आहे तिथे वाळवीसारखा पोखरतो, आणि नाक, पापणी, कान इथे पोखरायला मुळात जागाच किती असते! आज चार टाक्यांत निभावेल, ते वर्षभराने कदाचित दुसरीकडची त्वचा आणून झाकावं लागेल. हे ऐकल्यावर काकांनी विचारलं, "चेहरा विद्रूप होईल का?" खरी भीती ही होती. मग मोहस शस्त्रक्रियेबद्दल बोललो. त्यात एकेक पातळ थर काढून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली कडा तपासतात, त्यामुळे चांगली त्वचा जास्तीत जास्त वाचते. व्रण राहतो, तो राहणार नाही असं मी कुणालाच सांगत नाही.

मुलीने घरात वडिलांचा टॉवेल वेगळा ठेवला होता. काकांच्या ते लक्षात आलं होतं, पण दोघंही गप्प. हा आजार संसर्गजन्य नाही, हे मी दोघांच्या समोरच सांगितलं.

निदान तेच निघालं. गाठ काढली, कडा स्वच्छ आल्या, म्हणजे कडांना कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. "सुटलो ना आता?" काकांनी विचारलं. या गाठीपुरते, हो. पण एकदा झालेल्याला दुसरीकडे नवी गाठ येण्याचा धोका जास्त असतो, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा पूर्ण त्वचेची तपासणी करून घ्यायची. उन्हात जाताना एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिकचं सनस्क्रीन, दर दोन तासांनी पुन्हा. रुंद काठाच्या टोपीवर काका अजून कुरकुरतात. पाठ आणि कानामागची जागा महिन्यातून एकदा मुलगी बघते.