चार लाख एजंटला द्यायचे की शर्यतींना?

प्रश्न : मुलगा 17 वर्षांचा, बारावी सायन्सला. रोज पहाटे रावेरहून पालच्या घाटापर्यंत सायकल मारतो. बारावी सोडून युरोपात व्यावसायिक सायकलपटू व्हायचं म्हणतो. एक एजंट चार लाखांत तिकडच्या संघाशी करार करून देतो म्हणे. केळीचे पैसे हातात आहेत. काय करू?
– एक शेतकरी, रावेर तालुका

उत्तर : नमस्कार भाऊ,

एजंटला एक रुपयाही देऊ नका. या धंद्यात संघ खेळाडूला पगार देतो, खेळाडूने संघाला पैसे द्यायचे नसतात. सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआय नोंदणीकृत संघांची यादी वेबसाइटवर देते. एजंट सांगतो तो संघ त्यात आहे का बघा. असला तरी पायरी बघा. सर्वात वर वर्ल्डटूर, मग प्रोटीम, मग कॉन्टिनेंटल. वरच्या दोन्हींत किमान पगार ठरलेला असतो. कॉन्टिनेंटल संघांना यूसीआयचं तसं बंधन नाही, त्यामुळे तिथे पोट भरेलच असं नाही.

मुलाच्या हाताशी अजून वेळ आहे. 17-18 हा ज्युनियर गट, त्यापुढे 22 पर्यंत 23 वर्षांखालील गट. तादेय पोगाचर हा सायकलपटू 2018 मध्ये या वयाच्या मुलांची टूर द ल'अव्हेनिर ही शर्यत जिंकला, तेव्हा तो स्वतःच्याच देशातल्या, स्लोव्हेनियातल्या कॉन्टिनेंटल संघात होता. 2020 मध्ये त्याने टूर द फ्रान्स, म्हणजे सायकलिंगमधली सर्वात मोठी शर्यत जिंकली. पण त्या वयात त्याच्या खात्यावर शर्यती होत्या. आपली पोरं तिथेच कमी पडतात.

पालच्या घाटात एकट्याने कितीही जोर लावला, तरी घोळक्यात सायकल चालवणं त्यातून येत नाही. पुढच्याचं चाक वीतभर अंतरावर, दोन्ही बाजूंना खांदे, आणि त्यातच वाऱ्याचा आडोसा धरून दम राखायचा. शिवाय संघात नवखा गेला की पहिली कामं हलकीसलकीच. मागे संघाच्या गाडीपाशी यायचं, जर्सीच्या खिशांत, पाठीवर, मिळेल तिथे पाण्याच्या बाटल्या कोंबायच्या आणि तेवढं ओझं घेऊन पुन्हा घोळका गाठायचा. कॅप्टन जिंकावा म्हणून दिवसभर वारा अंगावर घ्यायचा. हे त्याला आवडेल का, ते आधी त्याच्याशी बोला.

म्हणून पैसा शर्यतींवर घाला. जिल्ह्याची, मग राज्याची निवड, मग राष्ट्रीय स्पर्धा. प्रवास, राहणं, खाणं, टायर. महागडी कार्बन सायकल आत्ता नकोच, मापात बसणारी सेकंडहँड रोड बाइक चालेल. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर ही यूसीआयची शर्यत आपल्याच राज्यात झाली. पुढची झाली तर त्याला रस्त्याकडेला उभं करून दाखवा.

बारावी मात्र सोडायची नाही. पुढे जळगावच्या विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळता येतात. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि सैन्यदलही खेळाडू घेतात. आपल्याकडे बहुतेक सायकलपटूंचं घर अशाच नोकरीवर चालतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि भाऊ, बऱ्हाणपूर रस्त्यावर केळीचे ट्रक किती दामटतात हे तुम्हाला सांगायला नको. अंधारात निघत असेल तर मागे लाल दिवा हवाच, आणि जमेल तेव्हा तुम्ही मोटारसायकलवर त्याच्या मागे राहा.