युद्धात दवाखान्यांवर हल्ला करायला बंदी आहे, तर हल्ले होतात कसे? आणि शत्रूच्या जखमी सैनिकावर डॉक्टरने उपचार का करायचे, तो देशद्रोह नाही का?

दुसरा प्रश्न तुम्ही जरा रागाने विचारलाय असं वाटतं. मी तोच आधी घेतो, कारण पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

मी भूलतज्ज्ञ आहे. लढाई चालू असलेल्या भागात दोनदा काही महिने काम केलंय. कुठे ते सांगत नाही, कारण तिथले सहकारी अजून तिथेच आहेत. आमच्या दवाखान्याच्या फाटकावर एक स्टिकर होता: लाल वर्तुळात बंदूक आणि तिच्यावर तिरकी रेघ. फाटकाशेजारी लोखंडी कपाट, आणि कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारे एक म्हातारे चौकीदार. कोणत्याही बाजूचा माणूस येवो, हत्यार त्यांच्याकडे द्यायचं, नंबराचा बिल्ला घ्यायचा, मगच आत. जखमीला स्ट्रेचरवरून तडक आत नेत, पण त्याच्याबरोबर आलेले साथीदार बाहेर आरडाओरडा करत आणि म्हातारबाबा शांतपणे वहीत नंबर लिहीत. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हा कसला कारकुनी खाक्या!

मग वॉर्डात पाहिलं. एकमेकांवर गोळ्या झाडलेली दोन पोरं तीन खाटांच्या अंतरावर पडलेली, दोघांच्याही पायाला तेच बाहेरून बसवलेले लोखंडी रॉड. दोघांचे कमांडर हे जाणून होते. आपला माणूस आत सुरक्षित आहे हे दोघांनाही ठाऊक, म्हणून आमच्या छपरावर तोफगोळा टाकण्यात दोघांचाही तोटा. एका बाजूचे जखमी फाटकावरून परत पाठवायला लागलो असतो, तर त्या दिवसापासून आम्ही ‘त्यांचा दवाखाना’ झालो असतो. शत्रूवर उपचार करण्यात दया असतेच, पण आमच्यासाठी ते चिलखतही होतं.

कायदाही हेच म्हणतो. 24 जून 1859 च्या इटलीतल्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी बेवारस पडले होते. जिनिव्हाचा आंरी द्युनाँ हा व्यापारी दुसऱ्याच कामाने तिथे आला होता. त्याने शेजारच्या कास्तिग्लिओने गावातल्या बायकांना हाताशी धरून कोण कुठल्या सैन्याचा हे न पाहता शुश्रूषा केली. त्यातूनच पुढे रेड क्रॉस आणि 1864 चा पहिला जिनिव्हा करार आला. आजचे चार करार 1949 चे, जगातल्या सगळ्या देशांनी मान्य केलेले. 1977 च्या जोड-करारात तर स्पष्ट लिहिलंय की वैद्यकीय नीतीला धरून केलेल्या उपचारांबद्दल कोणालाही शिक्षा करता येणार नाही, मग रुग्ण कोणीही असो. तेव्हा देशद्रोह नाही. काही सरकारांना हे रुचत नाही, ही गोष्ट वेगळी. सीरियात 2012 च्या दहशतवादविरोधी कायद्यानंतर विरोधकांच्या जखमींवर उपचार करणं जवळजवळ गुन्हाच ठरलं.

आता हल्ले कसे होतात ते.

करारात एक अपवाद आहे आणि भांडण बहुतेक वेळा त्याच्याभोवती असतं. दवाखान्याचा वापर शत्रूला इजा करण्यासाठी झाला, म्हणजे तिथून गोळीबार केला किंवा दारूगोळा साठवला, तर संरक्षण जाऊ शकतं. तेही आधी इशारा देऊन, वाजवी मुदत देऊन, आणि ती इजा थांबली नाही तरच. त्यानंतरही आतल्या रुग्णांचा विचार करावा लागतो, सरसकट मोकळीक मिळत नाही. जखमी सैनिक आत असणं, त्याच्याकडून काढून घेतलेली बंदूक अजून कुठे जमा न केलेली असणं, पहारेकऱ्याकडे स्वसंरक्षणापुरतं हत्यार असणं, यातल्या कशानेही संरक्षण जात नाही. हे 1949 च्या चारपैकी पहिल्या कराराच्या 22 व्या आणि चौथ्या कराराच्या 19 व्या कलमात लिहिलंय. बातम्यांत ‘तिथे अतिरेकी होते’ एवढं ऐकलं की लोक माना डोलावतात. अहो, जखमी अतिरेकी दवाखान्यात नसणार तर कुठे असणार?

दुसरं कारण निव्वळ बेफिकिरी. 3 ऑक्टोबर 2015 ला अफगाणिस्तानातल्या कुंदुझमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदतसंस्थेच्या दवाखान्यावर अमेरिकेच्या एसी-130 विमानाने मध्यरात्रीनंतर सुमारे तासभर मारा केला. 42 माणसं गेली, अतिदक्षता विभागातले रुग्ण खाटेवरच जळाले. दवाखान्याचे जीपीएस आकडे चारच दिवस आधी पुन्हा कळवले होते. मारा चालू असताना फोन केले जात होते. विमान घाईत उडालं होतं, हात न लावायच्या जागांची यादी वैमानिकांपर्यंत पोचलीच नव्हती. 16 जणांवर खात्याअंतर्गत कारवाई झाली, फौजदारी खटला एकावरही नाही.

रंगवलेल्या खुणेवर फार भरवसा ठेवू नये, हे मी अनुभवावरून म्हणतो. 1 एप्रिल 2024 ला गाझात ‘वर्ल्ड सेंट्रल किचन’ या अन्नवाटप करणाऱ्या संस्थेच्या तीन गाड्यांवर ड्रोनने हल्ला झाला, सात जण गेले. मार्ग इस्रायली लष्कराला कळवलेला, गाड्यांच्या टपावर बोधचिन्ह. लष्कर म्हणालं, रात्री ड्रोनच्या कॅमेऱ्यात ते दिसलं नाही. मार्च 2025 मध्ये गाझातल्याच रफाहजवळ इस्रायली सैनिकांच्या गोळीबारात 15 वैद्यकीय आणि बचाव कर्मचारी मारले गेले. गाड्या दिवे न लावता संशयास्पदरीत्या आल्या, असं लष्कराने आधी सांगितलं. मग मृतांपैकी एकाच्या फोनमधला व्हिडिओ बाहेर आला, त्यात दिवे चालू होते. खुलासा बदलावा लागला.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त टोचतं, कारण ते सभ्य देशांच्या हुशारीतून येतं. ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा लावण्यासाठी 2011 मध्ये सीआयएने पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये लसीकरणाचं नाटक रचलं. लस टोचायला येणारी बाई हेर असू शकते, हा संशय आता खरा ठरला होता. 2012 च्या अखेरीपासून तिथे पोलिओचे डोस देणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हत्या होऊ लागल्या. त्यामागे इतरही कारणं होती, पण मारणाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. लसीकरण मोहिमांचा असा वापर करणार नाही, असं अमेरिकेने 2014 मध्ये सांगितलं. कोलंबियात 2008 मध्ये बंडखोरांच्या ताब्यातले ओलीस सोडवताना लष्कराने रेड क्रॉसचं चिन्ह वापरलं आणि राष्ट्राध्यक्षांना माफी मागावी लागली. ओलीस सुटले याचा आनंद आहेच. पण त्यानंतर चेकपोस्टवर खऱ्या रेड क्रॉसच्या गाडीची झडती किती वेळ चालली असेल?

चेकपोस्टचं निघालं म्हणून सांगतो, आम्हाला तिथलं वागणं घोकून घेऊन शिकवलं होतं. गाडी हळू करा, काचा खाली, गॉगल काढा, रात्र असेल तर आतला दिवा लावा, हात दिसतील असे ठेवा, बोलेल फक्त एकजण. तो बोलणारा बहुतेक वेळा स्थानिक ड्रायव्हर असतो. मारल्या जाणाऱ्या मदतकार्यकर्त्यांतही बहुसंख्य स्थानिकच असतात. आमच्यासारख्यांना निदान परतीचं विमान असतं.

एकदा एक माणूस भावाला घेऊन आला. भाऊ ऑपरेशनच्या टेबलावरच दगावला. तो माणूस दुसऱ्या दिवशी प्रेत न्यायला आला तेव्हा मी फाटकाजवळच होतो. म्हातारबाबांनी बिल्ला पाहिला, वहीत टिक केली आणि रायफल परत दिली. मी नंतर विचारलं, परत कशाला द्यायची? ते म्हणाले, “ठेवून घेतली असती तर उद्या दुसरा कोणी इथे ठेवेल का?”