वाचकांचे प्रश्न : चिलखत नसलेला आर्थर

प्रश्न : ‘द विंटर किंग’ या मालिकेचे पहिले दोन भाग पाहिले. ना लखलखतं चिलखत, ना कॅमलॉटचा भव्य किल्ला, ना सरदारांचं गोलमेज. मग ही ब्रिटनच्या दंतकथेतल्या राजा आर्थरची गोष्ट कशी?

उत्तर : तुम्हाला जे हवं होतं, ते सगळं नंतरचं आहे. ब्रिटनवरची रोमन सत्ता इ.स. ४१०च्या सुमारास संपली. मालिका त्यानंतरच्या काळात, पाचव्या शतकात घडते. गोलमेज आलं ११५५मध्ये, वेस या कवीच्या काव्यातून. आर्थरची राजधानी कॅमलॉट आणि त्याचा सरदार लान्सलॉट व राणी यांचं प्रेमप्रकरण क्रेतिएं द त्रुवा या फ्रेंच कवीने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणलं. आर्थरने उपसलेली दगडातली तलवार त्याच्याही नंतरची, साधारण १२००ची. अंगभर पोलादी पत्र्याचं चिलखत तर पंधराव्या शतकाचं. तेव्हा इथल्या लाकडी ढाली, कातडं, कड्यांचं चिलखत हेच काळाला धरून आहे, आणि मला ते फार आवडलं.

गोंधळ होतो तो दुसऱ्याच कारणाने. पहिल्याच भागात युथर राजा आपल्या अनौरस मुलाला, आर्थरला, हद्दपार करतो; मग कथा काही वर्षं पुढे उडी मारते आणि आर्थरने वाचवलेला पोरगा डर्वेल एकदम तरुण दिसतो. ही उडी निसटली की पुढचा काहीच संदर्भ लागत नाही. मालिकेतल्या राज्यांपैकी डम्नोनिया म्हणजे आजच्या इंग्लंडमधला डेव्हन-कॉर्नवॉलचा भाग, पोविस आणि ग्वेंट वेल्सकडची राज्यं. एवढा नकाशा डोक्यात ठेवा. सुरुवात संथ आहे, हे खरं. तरी डर्वेलवर नजर ठेवून आणखी दोन भाग बघाच.