जपानी भाषेची एन५ परीक्षा झाली आहे. पहिली मांगा (जपानी कॉमिक्स) कोणती घेऊ? क्लासमधले सर म्हणतात, फुरिगाना (कांजीशेजारी बारीक अक्षरांत छापलेला उच्चार) म्हणजे कुबड्या, त्यानं कांजी (चीनमधून आलेली जपानी अक्षरं) कधीच पक्की होत नाही. खरं का?

कुबड्या! हाच शब्द हिंजवडीच्या ऑफिसात आमच्या एका सीनियरच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की तुमचा प्रश्न वाचून हातातलं भाषांतर बाजूला ठेवलं.

हे सीनियर जाडजूड डिक्शनरीच्या काळातले. कांजीच्या रेघा मोजायच्या, बुशु म्हणजे कांजीतला मुख्य भाग ओळखायचा, मग पान शोधायचं. डब्याच्या वेळी मी डोरेमॉन उघडून बसले की, "काय, बालवाडी सुरू का?" एकदा त्यांनी माझ्या टेबलावर एक मांगा आणून आपटली. मोठ्या माणसांच्या साप्ताहिकातली, ऑफिसातल्या राजकारणाची. "ही वाचून दाखव, मग मानतो." फुरिगाना नावालाही नाही. पहिल्याच पानावर साहेब कुणाला तरी झापतोय आणि संवादाच्या फुग्यात चार उभ्या ओळी, कांजीनं गच्च. उच्चारच माहीत नाही तर टाइप काय करणार? फोनवर बोटानं एकेक कांजी गिरवत बसले. एक फुगा संपेपर्यंत चहाची वेळ झाली आणि साहेब कुणावर चिडलाय हेच विसरायला झालं. पुस्तक परत दिलं आणि म्हटलं, सर, जपानी पोरं प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १०२६ कांजी शिकतात, तरी शोनेन म्हणजे मुलांची मांगा साप्ताहिकं त्यांच्यासाठी कांजीशेजारी फुरिगाना छापतात. त्यांना चालतं, मग मलाच का नको? तर म्हणे, तुम्हाला सगळं आयतं हवं.

आयतं कसलं? फुरिगाना असला की उच्चार कळतो, उच्चार कळला की शब्द लगेच सापडतो, आणि गोष्ट पुढे सरकते. फोनचा कॅमेरा रोखला की झालं, असं म्हणाल. पण फुग्या-फुग्याला फोन रोखणं याला मी वाचन म्हणत नाही.

बरं, तुमचा प्रश्न. डोरेमॉन घ्या. फुरिगाना आहे, गोष्टी छोट्या आणि सुट्या, आणि नोबिता रडत घरी आला की पुढे काय होणार हे तुम्हाला लहानपणापासून पाठ आहे. दुसरी, अझुमा कियोहिकोची 'योत्सुबा तो!'. त्यातल्या लहान मुलीला झोपाळा म्हणजे काय हेही माहीत नसतं, त्यामुळे सगळी बोलणी घरातली, शेजारपाजारची. निव्वळ हिरागानातलं, म्हणजे फक्त उच्चार दाखवणाऱ्या लिपीतलं काही शोधत बसू नका. जपानीत सहसा शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. कांजी नसली की कुठला शब्द कुठे संपला ते कळत नाही. समुद्री चाचे, सामुराई, निन्जा सध्या राहू द्या.

आणि 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाचा विसावा धडा झाल्याशिवाय मांगाला हात लावू नका. तोवर पुस्तकात सगळे वाक्याच्या शेवटी देस-मास करत अदबीनं बोलतात, मांगात मात्र घरात कुणीच तसं बोलत नाही. बोलताना क्रियापदाच्या शेवटच्या 'तेइरु'चं 'तेरु' होतं, 'ते शिमाउ'चं 'चाउ' होतं, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

एक आहे, डोळा आपोआप बारीक अक्षरांकडेच पळतो. म्हणून दुसऱ्यांदा वाचताना पट्टीनं फुरिगाना झाकायचा. तुमच्या सरांचं एवढंच मला मान्य. बाकी ते फारच मागे लागले तर जपानमधला बँकेचा किंवा दवाखान्याचा कुठलाही फॉर्म त्यांच्यापुढे ठेवा. नावाजवळ फुरिगानाची वेगळी जागा असते आणि ती चांगली मोठी माणसं भरतात, कारण आडनावाची कांजी कशी वाचायची हे जपान्यालाही पाहून सांगता येईलच असं नाही. आमच्या सीनियरनीही ऑनसाइटला असताना ती गुपचूप भरलीच असणार.

हां, मोबाइलवर वाचणार असाल तर थांबा, फुरिगाना इतका बारीक दिसतो की 'बा' आणि 'पा' एकच वाटतात. टॅबलेट घ्या, नाहीतर छापील पुस्तक.