वाचकांचे प्रश्न : घरी आल्यावर ती काय सांगते?

प्रश्न : माझी मुलगी गेल्या महिन्यात सोळा वर्षांची झाली. ती अकरावी विज्ञान शाखेत आहे. कॉलेज मिरजेत आणि क्लास सांगलीत आहे. क्लास संध्याकाळी साडेसातला सुटतो, ती वडापने (प्रवासी भरल्यावरच सुटणाऱ्या खासगी जीपने) परत येते आणि साडेआठच्या आत घरात असलेच पाहिजे, असा आमचा नियम आहे. मध्यंतरी दोनदा तिला वीस-पंचवीस मिनिटे उशीर झाला. पहिल्या वेळी मी तिला खूप बोलले. दुसऱ्या वेळी ती "क्लास उशिरा सुटला" म्हणाली, परंतु क्लासमध्ये फोन केल्यावर तो वेळेवर सुटल्याचे कळले. वडाप भरेपर्यंत चालक गाडी सोडत नव्हता, हे खरे कारण मला नंतर तिच्या मैत्रिणीकडून समजले. तेव्हापासून मी रोज तिचा मोबाइल तपासू लागले, तर तिने पासवर्डच बदलला. आता घरची स्कूटी क्लासला न्यायची, मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिच्याकडे मुक्काम करायचा आणि मोबाइल कोणी पाहायचा नाही, अशा तिच्या तीन मागण्या आहेत. "दादाला दहावीतच गाडी दिली होतीत," हे ती रोज ऐकवते. सासूबाईंच्या मते मुलीला सूट दिली की ती हाताबाहेर जाते, तर यजमान म्हणतात की काळ बदलला आहे. नेमकी किती मोकळीक द्यावी?
— एक आई, मिरज

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे. वडाप भरली नाही म्हणून उशीर होणे यात मुलीचा काहीही दोष नव्हता आणि ते कारण सांगायला लाज वाटण्यासारखेही नव्हते. तरीही दुसऱ्या वेळी तिने खोटे कारण दिले, कारण पहिल्या वेळी काहीही चूक नसताना बोलणी खावी लागतात हे तिने अनुभवले होते. हे खोटे तिचेच आहे. परंतु ते बोलण्याची सोय आपण करून दिली, एवढे मान्य केल्याशिवाय पुढचा विचार नीट होणार नाही.

स्वीडनमधील हॉकन स्टाटिन आणि मार्गारेट केर या संशोधकांनी चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास करून २००० साली एक निष्कर्ष मांडला होता. मुले कोठे जातात, कोणाबरोबर असतात, याची पालकांना जी माहिती असते, ती मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेली असते. चौकशा आणि निर्बंध यांतून तिच्या मानाने फार थोडे हाती लागते. हे वाचून मला नवल वाटले नाही, कारण ज्या घरात मूल स्वतः बोलते त्या घरात पाळत ठेवण्याची गरजच फारशी पडत नाही. म्हणून किती मोकळीक द्यावी याचे माप मी वयावरून किंवा गुणांवरून घेणार नाही. दिलेली सूट वापरून घरी आल्यावर ती काय सांगते, विशेषतः काही बिनसले असेल तेव्हा सांगते का, यावरून घेईन.

आता तिच्या मागण्या. तिन्ही एकाच तागडीत घालू नका, कारण पहिली मोकळिकीची बाबच नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीला गिअर नसलेल्या, ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचाच परवाना पालकांच्या संमतीने मिळू शकतो आणि सध्या रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर ११० किंवा १२५ सीसीच्या असतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचे होईपर्यंत परवाना मिळत नाही. अपघातात कोणी दगावले तर विमा कंपनी भरपाईची रक्कम तुमच्याकडून वसूल करू शकते, हे वेगळेच. तेव्हा येथे उत्तर सरळ "नाही" असेच आहे.

मात्र "दादाला दिली होतीत" या वाक्याला तुमच्याकडे प्रामाणिक उत्तर एकच आहे : ती आमची चूक होती. हे तिच्या दादासमोर आणि शक्यतो सासूबाईंसमोरही सांगावे. तुमचे यजमान काळ बदलल्याचे सांगतात, परंतु कायदा मुलाच्या वेळीही होता; त्याच्या वेळी तो कोणाला आठवला नाही आणि मुलीच्या वेळी आठवला, हे तिला दिसते आहे. तिचा राग स्कूटीपेक्षा या फरकावर अधिक असावा, असे मला वाटते. त्याच बैठकीत वडापचा प्रश्नही सोडवा. वडाप भरण्यावर साडेआठचा नियम अवलंबून ठेवण्यात अर्थ नाही. निघताना "बसले" आणि उशीर होत असेल तर "अजून भरली नाही" एवढा निरोप तिने पाठवावा आणि नऊपर्यंत तुम्ही फोन करू नये. हा निरोप नियमाने आला, तर दोन-तीन महिन्यांत तुम्हालाच पुढची सूट द्यावीशी वाटेल.

मुक्कामाला मी परवानगी देईन. मैत्रिणीच्या आईशी तुम्ही स्वतः बोला, घरात रात्री कोण मोठे माणूस असेल आणि आणखी कोण मुली-मुले येणार आहेत ते विचारा. हे विचारण्यात अविश्वास नाही, कोणतीही आई विचारते. मुलीला एक शब्द मात्र द्या. तेथे काहीही अवघड वाटले तर रात्री दोन वाजतासुद्धा फोन करायचा, बाबा किंवा दादा घ्यायला येतील, आणि घरी येईपर्यंत वाटेत एकही प्रश्न विचारला जाणार नाही. काय झाले ते सकाळी चहाच्या वेळी बोलू. हा शब्द दिला आणि स्कूटरवर मागे बसल्या बसल्या "तरी मी सांगत होतो" सुरू झाले, तर पुढच्या वेळी फोन येणार नाही.

मोबाइलबाबत मी थोडी तुमच्या मुलीच्या बाजूने आहे. तिचे संदेश वाचताना तुम्ही तिच्या मैत्रिणींचेही खासगी बोलणे वाचता आणि त्यांनी तर तुम्हाला परवानगी दिलेली नाही. वाचणे थांबवा, रात्री साडेदहानंतर मोबाइल स्वयंपाकघरातील चार्जरला लागेल, हा नियम ठेवा आणि तो तुम्हा दोघांनाही लागू करा, कारण अंथरुणात मोबाइल पाहणारे बाबा हा नियम सांगू शकत नाहीत. याहून मोठी गोष्ट अशी की, कोणी फोटोवरून धमकावले किंवा अनोळखी माणूस पैसे मागू लागला, तर मुले बहुधा घरी सांगत नाहीत, कारण सांगितले की मोबाइल जाणार हे त्यांना ठाऊक असते. तेव्हा "असे काही झाले तर तुझा मोबाइल काढून घेणार नाही" हे आजच, काहीही घडलेले नसताना, स्पष्ट शब्दांत सांगा. मुलांसाठीचा १०९८ हा मदतीचा क्रमांकही तिला पाठ असू द्या. जे तिला घरी सांगवत नाही ते ती तेथे सांगू शकेल.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा आहे. क्रिकेटच्या सरावासाठी त्याला डोंबिवलीहून दादरला लोकलने एकट्याने जायचे आहे. त्याची आई म्हणते की, संघातील चार मित्रांबरोबर जाणार असेल तरच पाठवावे. आपले मत काय?
— एक वडील, डोंबिवली

उत्तर : आधी दोन-तीन रविवार तुम्ही त्याच्याबरोबर जा, मात्र रस्ता त्याने दाखवायचा आणि तुम्ही मागे राहायचे. दादरचे फलाट डिसेंबर २०२३ पासून १ ते १४ असे सलग क्रमांकांचे झाले आहेत. तुमच्या डोक्यात अजून जुने क्रमांक असतील, तर तोच तुम्हाला शिकवील आणि ते त्याच्यासाठी चांगलेच होईल. नंतर एकट्याने जाणे गर्दी नसलेल्या वेळेपुरते ठेवा, कारण खांद्यावर किट घेऊन संध्याकाळच्या जलद गाडीत शिरणे मोठ्यांनाही जमत नाही.

मित्रांच्या सोबतीबद्दल मात्र माझे मत वहिनींपेक्षा वेगळे आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगणकावरील गाडी चालवण्याच्या खेळात किशोरवयीन मुले मित्र समोर असताना एकटी असतानापेक्षा अधिक धोका पत्करताना दिसली, तर प्रौढांमध्ये असा फरक जवळजवळ नव्हता. चौदा वर्षांचा मुलगा एकटा असला की आत सरकून उभा राहतो आणि चौघे मित्र असले की दारात. म्हणून पहिले काही दिवस त्याला एकट्यानेच जाऊ द्या, मित्रांबरोबर जाणे सुरू होईल तेव्हा "दारात उभा होतास का?" असे विचारू नका, "आज जागा कोठे मिळाली?" असे विचारा.