बास्केटबॉलच्या सरावात फ्री थ्रो जातात, मॅचमध्ये चुकतात. सराव दुप्पट करू का?

तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी एकटे असताना १० पैकी ८ फ्री थ्रो (फाउलनंतर लाइनवरून, कोणी न अडवता मारायचे शॉट) आत जातात, कॉलेजच्या मॅचमध्ये मात्र निम्मेही जात नाहीत. रोज १०० मारता, तर आता २०० मारू का, असं विचारताय. मारू नका. घोळ आकड्यात नाही, ते १०० तुम्ही कसे मारता त्यात आहे.

एका जागी उभं राहून सलग मारताना आपण खरं तर आधीचा शॉट दुरुस्त करत असतो. पहिला आखूड पडला की दुसऱ्यात जोर वाढतो, तो डावीकडे गेला की तिसऱ्यात मनगट सरळ होतं. दहाव्यापर्यंत हात बसतो आणि मग ओळीने पंधरा-वीस जातात. मॅचमध्ये तो दहावा कधी येतच नाही. दोन मिळतात, तेही कोर्टभर धावून, धक्का खाऊन, छाती धडधडत असताना. सराव दहाव्याचा होतो आणि मॅच मागते पहिला.

मला हे फार उशिरा कळलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका मॅचमध्ये आम्ही एका पॉइंटने मागे होतो, सहा-सात सेकंद उरले होते आणि मला दोन फ्री थ्रो मिळाले. त्या महिन्यात सरावात मी १०० पैकी ८० च्या खाली आले नव्हते. पहिला बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून थेट माझ्याकडे परत आला. दुसरा बोर्डवर आपटून रिंगला न शिवताच बाहेर गेला. त्या रात्री झोप लागली नाही, पण दोन्ही चुका नीट आठवत होत्या. पहिल्या वेळी पाय थकले होते, गुडघे वाकलेच नाहीत, सगळा शॉट खांद्यातून मारला. दुसऱ्या वेळी त्याची भरपाई करायला गेले आणि हात रिंगकडे पुरा सोडण्याऐवजी बॉल नुसता ढकलला. एकाही चुकीचा सराव मी कधी केला नव्हता, कारण सरावात माझे पाय कधी थकलेलेच नसायचे.

तेव्हापासून मी दोन-दोनच मारते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत जाऊन परत यायचं, धाप लागलेली असतानाच दोन मारायचे, मग समोरच्या रिंगकडे जाऊन पुन्हा तेच. अशा दहा फेऱ्या. शॉट फक्त २० होतात, पण तेवढ्यात घामाघूम व्हाल. सोबत एक वही ठेवा. पहिल्या शॉटचा रकाना वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. सुरुवातीला माझा पहिला रकाना १० पैकी ५ वरच अडकला होता आणि दुसरा ८ वर. या दोन रकान्यांतलं अंतर म्हणजेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आता लाइनवर काय करायचं ते. आपल्या स्पर्धा फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या नियमांनी होतात, त्यात बॉल हातात आल्यापासून ५ सेकंदांत शॉट मारावा लागतो. अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये १० सेकंद मिळतात, त्यामुळे तिथल्या एखाद्या खेळाडूचा लांबलचक रिवाज जसाच्या तसा उचलू नका. माझा एवढाच आहे: तीन ड्रिबल, एक लांब उच्छ्वास, नजर रिंगच्या पुढच्या कडेवर, गुडघे, शॉट. बॉल आत जाईपर्यंत हात खाली आणायचा नाही. एनबीएमधला स्टीव्ह नॅश रेफरीकडून बॉल घेण्याआधी रिकाम्या हातांनी शॉटची क्रिया करून बघायचा, आणि त्याची कारकिर्दीतली टक्केवारी ९० च्या वर आहे. ही गोष्ट जरूर उचला. सेकंद अजून सुरू झालेले नसतात आणि हाताला ‘पहिला’ शॉट आधीच मिळून जातो.

दबावासाठी काही जण सरावात मित्रांना आरडाओरडा करायला लावतात. मला त्याचा फारसा उपयोग वाटत नाही, आवाजाची सवय दोन दिवसांत होते. त्यापेक्षा सराव संपताना एकाने दोन मारायचे आणि एक जरी चुकला तरी सगळ्या टीमने दोन राउंड पळायचं. थकलेले अकरा जण हात कमरेवर ठेवून तुमच्याकडे बघत उभे असतात, तेव्हा पोटात जो गोळा येतो तो अगदी मॅचमधलाच असतो.

मायामी टीमच्या रे ॲलनचं एनबीएच्या २०१३ च्या फायनल्समधलं उदाहरण देते. सहाव्या मॅचमध्ये मायामी ३ पॉइंटने मागे होती, जेमतेम ५ सेकंद उरले होते. त्याने उलट्या पावलांनी कोपऱ्यात जात, पायाखाली न बघता थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट) मारला आणि बरोबरी केली. हा माणूस कित्येक वर्षं सरावात रिंगखाली जमिनीवर आडवा व्हायचा, ताडकन उठून मागे पळत कोपरा गाठायचा आणि पास घेऊन शॉट मारायचा. मॅचमध्ये जे अचानक येतं, तेच त्याने रोज करून ठेवलं होतं.

एक सांगून ठेवते: पहिल्या पंधरवड्यात तुमची टक्केवारी घसरेल. ८० वरून ५० वर आलेली बघून पुन्हा जुन्या शंभराकडे वळावंसं वाटेल. वळू नका. उघड्या कोर्टवर खेळत असाल तर मॅचआधी दोन्ही रिंगांवर थोडे शॉट मारून बघा, आपल्याकडे एखादी रिंग हमखास पुढे झुकलेली असते आणि संध्याकाळी वारा असतोच. पंधरा दिवसांनी दोन्ही रकान्यांचे आकडे इथेच खाली लिहा. पहिलाच मागे असेल तर पायांकडे बघू, दोन्ही सारखेच पडत असतील तर तुमच्या शॉटकडे.